क्लासिक स्की घेताना: ग्रिप वॅक्स की स्किन?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची जी मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नॉर्वे-स्वीडनकडे जातात, त्यांपैकी काहींचा पहिला हिवाळा सरत आला की मला हमखास एक प्रश्न येतो. भाड्याच्या स्कीवर हात बसला आहे, आता स्वतःचा क्लासिक जोड, म्हणजे बर्फात आखलेल्या ट्रॅकमधून एकेक पाय रेटत सरळ पुढे जाण्याच्या स्की, घ्यायचा आहे. तर तो ग्रिप वॅक्स, म्हणजे पाय रेटताना बर्फावर पकड देणारे मेण, लावण्याचा घ्यावा की तळाला स्किन, म्हणजे तेच काम करणारी केसांची पट्टी, बसवलेला? नोकरीमुळे मी ऑस्लोत दीर्घकाळ राहिलो, दोन्ही प्रकार मनापासून वापरले, आणि आता मुक्काम जळगावला असला तरी हिवाळ्यात तिकडे जाणे होतेच. तेव्हा माझे मत एका वापरणाऱ्याचे आहे, प्रयोगशाळेचे नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. लांबी, बूट, काठ्या यांची माहिती कोणत्याही दुकानात मिळते, म्हणून त्यात शिरत नाही.

वॅक्सच्या बाजूने जे बोलले जाते ते खरे आहे. पारा शून्याखाली पाच-सात अंशांवर असावा, बर्फ कोरडा आणि ताजा असावा, पायाखालच्या पट्ट्यात निळ्या वॅक्सचे पातळ थर देऊन ते कॉर्कने घासून एकजीव केलेले असावेत. मग पाय दाबला की स्की जागच्या जागी धरते आणि सोडला की आवाज न करता पुढे जाते. असे निर्मळ घसरणे स्किनच्या स्कीने मला कधीही दिलेले नाही. स्किनचे केस बर्फाला किंचित का होईना अडतातच. कडक ट्रॅकवर त्यांची बारीक खरखर ऐकू येते आणि सौम्य उतारावर वॅक्सवाला सोबती हळूहळू पुढे निघून जातो. ज्यांना वेगाचीच ओढ आहे, त्यांनी हे वजा खात्यात जरूर मांडावे. मात्र स्वीडनमधल्या वासालोपेट या 90 किलोमीटरच्या शर्यतीतले आघाडीचे स्कीपटू काय वापरतात यावरून ठरवू नये, कारण ते बहुधा ग्रिप न लावता निव्वळ दंडाच्या बळावर, दोन्ही काठ्या एकदम रेटत जातात.

माझा कौल स्किनकडे फिरवला तो शून्य अंशाने. ऑस्लोचा हिवाळा समुद्राच्या सान्निध्यामुळे वारंवार शून्याच्या अलीकडे-पलीकडे घुटमळतो. मेट्रोने सोग्न्सवान तळ्यापाशी उतरावे तर बर्फ ओलसर, आणि उलेव्होलसेटरकडे चढत गेले की वर झाडांच्या सावलीत तोच बर्फ कोरडा भुसभुशीत. खालच्या बर्फासाठी लावलेले मऊ वॅक्स वर पोचताच बर्फ धरून बसते, पायाखाली गोळा जमतो आणि स्की घसरायचीच थांबते. वरच्या बर्फासाठी कडक वॅक्स लावावे तर खालच्या चढावर पाय मागे सटकतात. मग वाटेत थांबा, हातमोजे काढा, पत्रीने वॅक्स खरवडा, ओल्या तळावर दुसरा थर बसत नाही म्हणून तळ पुसा, कॉर्क घासा. तोवर घामाने भिजलेले अंग गार पडते. जाणकार लोक हे सराईतपणे करतात आणि त्यात त्यांना आनंदही मिळतो, हे मी पाहिले आहे. पण ज्याला आठवड्यात एकच दुपार मोकळी मिळते, त्याची अर्धी दुपार अशी पत्रीवर जाणे मला पटेनासे झाले.

त्यात बर्फ वितळून पुन्हा गोठलेला असेल तर वॅक्सच्या कांड्या कामाच्या नाहीत, क्लिस्टर लागते. ट्यूबमधला हा डिंकासारखा चिकट पदार्थ गोठलेल्या ट्रॅकवर उत्तम धरतो यात वाद नाही. मात्र तो हातमोज्यांना, पिशवीला, जाकिटाच्या बाहीला लागला की निघता निघत नाही. खान्देशातल्या माणसाची अडचण आणखी वेगळी. उन्हाळ्यात सामान घरी आणले आणि क्लिस्टरची ट्यूब पत्र्याखालच्या माळ्यावर राहिली, तर आखाजीपर्यंत ती झाकणाच्या कडेने पाझरून शेजारच्या सगळ्या वस्तूंना एकत्र चिकटवते.

स्किनच्या पट्टीत मोहेर म्हणजे अंगोरा बकरीचे केस, किंवा मोहेर आणि नायलॉन यांचे मिश्रण असते. बैलाच्या पाठीवरून केसांच्या दिशेने हात फिरवला तर तो सरकतो आणि उलटा फिरवला तर अडतो. पट्टीचे काम नेमके तसेच चालते. निव्वळ मोहेर अधिक छान घसरते, मिश्र पट्टी अधिक टिकते, म्हणून पहिल्या जोडासाठी मी मिश्रच सुचवीन. शून्याच्या आसपास पडणाऱ्या ओल्या, ताज्या बर्फात स्किनवरही बर्फ गोठू शकतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण स्किनवर बर्फ धरू नये म्हणून मिळणारा द्रव आधीच लावून वाळवला असेल तर माझी दुपार सहसा निभावते. तळावर माशासारखे खवले कोरलेल्या स्कीला ही निगाही लागत नाही, पण तिची पकड कडक बर्फावर सुटते आणि उतारावर ती घूं-घूं आवाज करते, म्हणून तिचा विचार मी लवकरच सोडून दिला.

निवडताना स्कीचा ताठपणा पाहावा, कारण बाकी सारे त्यावर ठरते. सपाट फरशीवर दोन्ही स्कीवर सारखे वजन देऊन उभे राहिल्यास पायाखालून कागद सरकला पाहिजे, आणि एकाच स्कीवर सगळे वजन दिल्यास तो दाबला गेला पाहिजे. स्की फार मऊ असेल तर केस सतत घासतात आणि घसरण मरते. फार ताठ असेल तर चढावर पकडच लागत नाही. दुकानदार उंची विचारतो, आपण वजन सांगावे, आणि तेही जाड कपड्यांसकट. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा भाग, पुढे-मागे सरकणारे मिळाले तर थोडे जास्त पैसे द्यावेत; पुढे सरकवले की पकड वाढते, मागे घेतले की घसरण.

निगेची एक समजूत खोडून काढायला हवी: स्किनला काहीच करावे लागत नाही, असे नाही. ट्रॅकमध्ये इतरांच्या स्कीवरून उतरलेले वॅक्स आणि क्लिस्टर केसांत अडकते आणि पट्टी काळवंडते. स्किनसाठीचेच क्लीनर कापडावर घेऊन पट्टी पुढून मागे, केसांच्या दिशेने पुसावी. वॅक्स काढण्याचे जहाल द्रावण पट्टीखालच्या गोंदाला बाधू शकते. टोकाच्या आणि शेपटीकडच्या भागाला ग्लाइड वॅक्स, म्हणजे घसरण वाढवणारे मेण, लावताना पट्टीवर चिकटपट्टी लावून ती झाकावी आणि गरम इस्त्री केसांवर जाऊ देऊ नये. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून स्पर्धांत फ्लोरोयुक्त वॅक्सवर बंदी घातली आहे, तेव्हा जुने डबे स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत. ओली स्की हीटरवर वाळवू नये, खोलीतच वाळू द्यावी.

उन्हाळ्यासाठी आमच्या धाब्याच्या जुन्या घरातली आतली खोली मला योग्य वाटली. तळांना ग्लाइड वॅक्सचा जाड थर देऊन, पट्टी स्वच्छ करून, धुळीसाठी सुती कापडात गुंडाळून स्की तिथे आडव्या ठेवतो. दोन्ही स्की एकत्र बांधणारा मधला पट्टा मात्र आवळत नाही, कारण महिनोन्महिने दाबात राहिल्यास स्कीची मधली कमान बसण्याची भीती असते. केस झिजले की पट्टी उपटून नवी बसवता येते. घेण्यापूर्वी आपल्या मॉडेलची पट्टी सुटी मिळते का, एवढे दुकानात विचारून घ्यावे.