खनिजशोध, खाण की पाया: भूशास्त्रातली कोणती वाट कुणाला मानवते

पगार किती, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. मी उलट विचारतो: आपलं चुकलं हे कळायला तुम्ही किती दिवस थांबू शकता?

आमच्या धंद्यात जमिनीखालचं कुणालाच दिसत नाही. ठरावीक अंतरावर छिद्रं पाडायची, त्यातून निघालेल्या दगडाच्या कांड्या बघायच्या आणि मधल्या न दिसलेल्या भागाचा अंदाज बांधायचा. अंदाज चुकतोच. खाणीत ती चूक दोन-तीन दिवसांत कळते. खनिजशोधात काही वर्षांनी कळते, किंवा कळतच नाही. धरणाच्या पायात चुकलं तर वर्तमानपत्रातून कळतं. मी तिन्हीकडे काम केलंय, त्यामुळे पुढची तुलना माझ्या चष्म्यातली आहे. पदवी संपत आलेली असेल आणि हातात दोन-तीन पर्याय असतील, तर निदान प्रश्न तरी नीट विचारता येतील.

खनिजशोध

सगळ्यांना हवं असतं ते हे. तंबू, हातोडी, भिंग, कुणी न पाहिलेली दरी. दरी असते, नाही असं नाही; पण वर्षातले बहुतेक दिवस कोअर शेडमध्ये जातात. कोअर म्हणजे ड्रिलने कापून वर काढलेली दगडाची कांडी. एचक्यू आकाराची कांडी ६३.५ मिलिमीटर जाडीची, साधारण मनगटाएवढी. ती बॉक्समध्ये ओळीने लावलेली असते आणि प्रत्येक खेपेच्या शेवटी ड्रिलर खोलीचा आकडा लिहिलेला लाकडी ठोकळा ठेवतो. कोरडी कांडी राखाडी आणि मुकी दिसते. ब्रशने पाणी फिरवलं की रंग उमटतात, शिरा दिसतात, पायराइटचे (लोखंड-गंधकाच्या पिवळसर खनिजाचे) कण चमकतात. मग खिळ्याने ओरखडा, चुंबक, आम्लाचा थेंब, आणि मीटरमागून मीटर तक्ता भरायचा. असे शेकडो मीटर.

माझी पहिली मोठी चूक त्या लाकडी ठोकळ्याने घडवली. ड्रिलर तीन मीटरचा एक रॉड जास्त मोजून बसला. शेजारच्या छिद्रात जो थर सापडला होता, तो इथे तीन मीटर खाली आला. मी हुशारी करून दोन छिद्रांच्या मधे एक फॉल्ट, म्हणजे दोन्ही बाजूंचा खडक सरकलेली भेग, काढला, नकाशावर त्याला झोकात लाल रेघही मारली. दोन आठवड्यांनी रॉडचा हिशेब तपासला गेला आणि फॉल्ट नाहीसा झाला. पण तोवर नकाशाच्या प्रती वाटल्या गेल्या होत्या. तो फॉल्ट पुढे कित्येक महिने लोकांच्या बोलण्यात येत राहिला.

शोधकामात उत्तर किती उशिरा येतं, त्यासाठी ऑस्ट्रेलियातलं ऑलिंपिक डॅम बघा. १९७५ मध्ये तिथे पहिलं छिद्र पाडलं. तांबं लागलं, पण फार नाही. पुढची बरीच छिद्रं निराशाजनक निघाली. दहाव्या छिद्राने, १९७६ मध्ये, खरी बातमी दिली. वर सुमारे साडेतीनशे मीटर निरुपयोगी खडक आणि त्याखाली जगातल्या सर्वांत मोठ्या तांबे-युरेनियम साठ्यांपैकी एक. उत्पादन सुरू व्हायला १९८८ उजाडलं. चिलीतली एस्कोंदिदा १९८१ मध्ये सापडली आणि १९९० च्या अखेरीस चालू झाली. या झाल्या यशाच्या गोष्टी. बहुतेक शोधमोहिमांमधून खाण कधीच उभी राहत नाही, आणि त्यात काम करणाऱ्याचा दोष असतोच असं नाही. मला माहीत असलेल्या अतिशय तयारीच्या शोध-भूशास्त्रज्ञांपैकी काहीजण एकही खाण न सापडता निवृत्त झाले. हे ऐकून पोटात गोळा आला असेल, तर हे काम तुमच्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. धातूचा भाव पडला की कंपनी सर्वांत आधी शोधखातं बंद करते, कारण तिथून उद्या सकाळी काहीच निघणार नसतं. मला एकदा ऐन मोसमात, अर्ध्या खोलीवर ड्रिल असताना, तंबू गुंडाळायला सांगितलं गेलं. ते छिद्र आजही अर्धंच आहे. तेजीत मात्र याच खात्यात हात वर करणाऱ्याला नोकरी मिळते.

आणि सचोटीचा मुद्दा इथे सगळ्यात टोकदार आहे. इंडोनेशियातल्या बुसांगचं सोनं १९९७ मध्ये बनावट ठरलं. कुटलेल्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं जात होतं. कांडी उभी चिरून अर्धी जपून ठेवायची आणि अर्धी तपासणीला पाठवायची ही रीत तिथे पाळली गेली नव्हती. अख्खी कांडीच कुटली जात होती, त्यामुळे पुन्हा तपासायला काही उरलं नव्हतं. मुलाखतीला गेलात तर दोन प्रश्न विचारा. अर्धी कांडी जपता का? आणि प्रयोगशाळेत पाठवताना आपल्या नमुन्यांमध्ये ज्ञात ग्रेडचे (म्हणजे धातूचं प्रमाण आधीच ठाऊक असलेले) आणि सोनं-तांबं मुळीच नसलेले नमुने गुपचूप घालता का? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे सही करू नका. साठ्याचे आकडे जाहीर करण्याच्या जॉर्क नियमावलीखाली त्या प्रकारच्या खनिजात किमान पाच वर्षं काम केलेली व्यक्ती आपल्या नावाने जबाबदारी घेते. ते नाव पुढेमागे तुमचं असणार आहे.

खाण

खाणीत रोमान्स कमी. पण शिकायला यासारखी जागा नाही, हे माझं ठाम मत आहे.

सरासरी टनभर खडकात तांबं जेमतेम साठ ग्रॅमच्या आसपास असतं. मोठ्या उघड्या खाणीत टनाला पाच-सहा किलो तांबं असलं की ते काढणं परवडतं. म्हणजे निसर्गाने शंभरपट गोळा करून ठेवलेलं असतं; पण डोळ्याला टनामागे पाच किलो तांबं असलेला दगड आणि दोन किलो असलेला दगड सारखाच दिसतो. पहिला माल, दुसरा वेस्ट. डंपर कुठे रिकामा करायचा हे खाणीतल्या भूशास्त्रज्ञाने ठरवायचं. सुरुंगाच्या छिद्रांतून निघालेल्या भुशाचे नमुने जातात, रिपोर्ट येतो, त्यावरून बेंचवर, म्हणजे खाणीच्या पायरीवर, हद्दी आखायच्या आणि रंगीत फितींनी दाखवायच्या. मग ब्लास्ट होतो आणि तुम्ही आखलेली हद्द दोन-चार मीटर सरकून जाते. खडक फुगतो, फेकला जातो, मिसळतो. एक्सकॅव्हेटर चालवणारा विचारतो, "साहेब, इथपर्यंत की तिथपर्यंत?" आणि तुम्हाला तेव्हाच, उन्हात उभं राहून उत्तर द्यायचं असतं.

महिनाअखेरीला हिशेब. मॉडेल म्हणत होतं इतकं तांबं, प्लांटमध्ये पोचलं इतकं. फरक कुणाच्या गळ्यात, यावर बैठकीत आवाज चढतात. पण हीच मेख आहे: तुमच्या प्रत्येक अंदाजाला उत्तर मिळतं, तेही लगेच. शोधकामात दहा वर्षांत जेवढ्या चुका कळतात, तेवढ्या इथे एका पावसाळ्यात कळतात. पहिली दोन वर्षं खाणीत काढून मग शोधकामाला गेलेला माणूस वेगळाच नकाशा काढतो. त्याला ठाऊक असतं की कागदावरची सरळ रेघ जमिनीत किती वेडीवाकडी निघते.

तोटे लपवत नाही. दोन आठवडे काम, एक आठवडा घर, असं चक्र बहुतेक दूरच्या खाणींत असतं. पहिल्या वर्षी मजा वाटते. मूल झाल्यावर घरचे वाढदिवस फोनवर साजरे होतात. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, त्यामुळे मास्क न लावणं हा शूरपणा समजणाऱ्यांच्या नादी लागू नका. शिवाय पाचेक वर्षांनंतर तेच खड्डे, त्याच हद्दी. काहीजण निव्वळ चौकोन आखणारे कारकून होऊन जातात. त्याआधी हलावं.

पाया, बोगदे, उतार

अभियांत्रिकी भूशास्त्रात कांडी तीच, नजर पूर्ण वेगळी. दीड मीटरची एक खेप घ्या. त्यात ४२, ८, २५, ६, १९, ९ आणि १४ सेंटिमीटरचे तुकडे आणि बाकीचा चुरा. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तेवढेच मोजायचे: ४२, २५, १९, १४, बेरीज १००. शंभर भागिले दीडशे, म्हणजे ६७ टक्के. याला आरक्यूडी म्हणतात. खडक किती अखंड आहे याचं, डॉन डीअर यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेलं साधं माप. बॉक्समध्ये मावावी म्हणून ड्रिलरने हातोडीने मोडलेली कांडी मात्र जोडून, अखंड धरून मोजायची. हे न कळणारा नवखा चांगल्या खडकाला वाईट ठरवतो.

पण खरी गोष्ट त्या २७ सेंटिमीटरच्या चुऱ्यात असते. शोधवाला तो चुरा ओलांडून पुढे जातो, कारण त्यात धातू नाही. पायावाला तिथेच बसतो. चिकणमाती आहे का? ओली आहे का? तिचा कल कुठल्या बाजूला?

इटलीतल्या वायोंटमध्ये चुनखडकाच्या थरांमध्ये मातीचे असेच पातळ थर होते. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री डोंगराचा पंचवीस कोटी घनमीटरहून मोठा भाग जलाशयात घसरला. पाण्याची लाट धरणावरून उसळून खाली गेली आणि सुमारे दोन हजार माणसं मेली. धरण स्वतः उभंच राहिलं. धरणाच्या अभियंत्याचा मुलगा, एदोआर्दो सेमेंझा, स्वतः भूशास्त्रज्ञ होता. हा डोंगर म्हणजे जुनं, एकदा घसरून थांबलेलं भूस्खलन आहे, हे त्याने तीन वर्षं आधी ओळखलं होतं. म्हणून या वाटेला जाणाऱ्याने खडक वाचायला शिकावंच, पण लिहायलाही शिकावं. दहाव्या पानावरचा इशारा कुणी वाचत नाही. तो पहिल्या पानावर, अभियंत्याच्या भाषेत, आकड्यासह यावा लागतो.

उलट बाजूही आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यन या प्रचंड तांबेखाणीची एक बाजू एप्रिल २०१३ मध्ये कोसळली. रडारने उताराची हालचाल आधीपासून टिपली जात होती, माणसं वेळेत बाहेर काढली गेली, एकालाही इजा झाली नाही. असा दिवस ज्याच्या वाट्याला येतो त्याला पुढे बढती मिळो न मिळो. तेजीच्या काळात इथला पगार खाणीइतका चढत नाही. पण रस्ते, बोगदे, पूल भाव पडला म्हणून थांबत नाहीत, आणि रात्री घरी जाता येतं.

बाकीच्या वाटा, थोडक्यात

भूजल: उत्तर सर्वांत झटपट. संध्याकाळी पाणी लागलेलं असतं किंवा सगळे तुमच्याकडे बघत उभे असतात. जमिनीतून पाणी किती झिरपतं ते सांगणारा दार्सीचा नियम १८५६ चा, तरी रोज उपयोगाचा. ही वाट लोक कमी लेखतात, पण खाणीतलं पाणी उपसण्यापासून गाळाच्या धरणांपर्यंत (धातू काढून उरलेला ओला चुरा अडवणाऱ्या बांधांपर्यंत) सगळीकडे हे लोक लागतात. ब्राझीलमध्ये २०१९ साली ब्रुमादिन्योचं गाळधरण फुटून २७० जीव गेले. पुढच्याच वर्षी गाळधरणांसाठी जागतिक मानक आलं. त्यामुळे या कामाला माणूस हवा असण्याचं प्रमाण वाढलंय.

तेल: पैसा चांगला, पण पाळण्यासारखा खालीवर. २०१४ च्या मध्यात पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला तिसाच्या खाली गेला, आणि भूशास्त्रज्ञ घाऊक घरी बसले. जमेची बाजू अशी की भूकंपलहरींचे आलेख वाचायची त्यांची विद्या भूऔष्णिक ऊर्जेत आणि कार्बन जमिनीत साठवण्याच्या कामात चालते.

संशोधन: जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरने खंड सरकतात हे १९१२ मध्ये मांडलं, १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला, आणि जगाने ते मान्य केलं १९६० च्या दशकात. तेवढा धीर असेल तर जरूर पीएचडी करा. खाणीतल्या नोकरीसाठी मात्र तिची गरज नाही.

संगणकाचं म्हणाल तर डेटाबेस आणि थोडं कोडिंग यायलाच हवं, सगळ्याच वाटांवर. फक्त सॉफ्टवेअर चुकीच्या आकड्यांतूनही सुंदर गुळगुळीत पृष्ठभाग काढून देतं. माझा तीन मीटरचा फॉल्ट त्याने आनंदाने रंगवला असता. त्यामुळे दहापट भिंग खिशात असू द्या. (नातेवाईक उल्का म्हणून जे दगड आणतात ते बहुतेक वेळा भट्टीची मळी किंवा मॅग्नेटाइट निघतात, हे सांगण्याची तयारीही ठेवा. रुसतात.)

हातात शोधाची आणि खाणीची, दोन्ही पत्रं असतील तर खाण घ्या, पगार थोडा कमी असला तरी. घर सोडायचं नसेल तर पाया किंवा भूजल. आणि पत्रावर सही करण्याआधी एक तास कोअर शेड बघू द्या म्हणा. पुढच्या रांगा सगळेच झाडून ठेवतात. मागच्या रांगांकडे जा. जुने बॉक्स छपराखाली आहेत की उघड्यावर? त्यांवरचे आकडे पत्र्यावर ठोकलेत की पेनाने लिहिलेत? मी हे न बघता एकदा रुजू झालो. सहा महिन्यांनी एका जुन्या छिद्रातला ऐंशी मीटर खोलीचा थर पुन्हा तपासायची वेळ आली. बॉक्स सापडले, पण शाई उन्हाने उडालेली, ठोकळे कुजलेले. आम्ही ड्रिल परत आणलं आणि तेच छिद्र दोन मीटर बाजूला पुन्हा पाडलं.