'माझा प्रवास' : वरसईच्या भटजींचं सत्तावन

दापोलीत स्टँडजवळच्या दुकानात विष्णुभट गोडसे वरसईकरांचं 'माझा प्रवास' मिळालं. आषाढात चार दिवस लाइट नव्हती, तेवढ्यात वाचून झालं.

सतरा वर्षं पलटणीत काढली मी. लढाईची पुस्तकं सहसा पटत नाहीत. त्यांत पुढे काय होणार ते पहिल्या पानापासून सगळ्यांना ठाऊक. हे भटजी लढायला गेलेच नव्हते. घरावर कर्ज, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ साली काकांबरोबर पेणजवळच्या वरसईहून निघाले आणि बंडात सापडले. पुस्तकाची चौकटही तीच : कमवायला जाणं, लुटलं जाणं, गंगेची कावड घेऊन घर गाठणं. झाशीचा वेढा वाटेत लागतो.

लिहिलं पंचवीसेक वर्षांनी. कलकत्त्यात साहेबानं राजेरजवाड्यांपुढे धर्माविरुद्धची ८४ कलमं ठेवली, हे भटजी असं सांगतात की जणू दाराआड उभे होते. इतिहासवाले इथे नाक मुरडणार. पण छावण्यांत, बाजारात लोक काय बोलत होते ते कळतं, तेही कामाचंच.

ऐकीव कुठलं आणि डोळ्यांदेखतचं कुठलं, हे मी भाषणांवरून ओळखायला लागलो. ऐकीव असलं की माणसं ऐसपैस बोलतात. स्वतःवर बेतलेलं असलं की तहान, ऊन, लपायची जागा. काल्पीच्या वाटेवर विहिरीशी धुळीनं माखलेली राणी भेटते. भटजी पाणी काढायला सरसावतात, ती काढू देत नाही, स्वतः शेंदते. दोनचार वाक्यं बोलते, निघते. तिथे मी पुस्तक मिटून पडवीत जाऊन बसलो.

चौकीवरची माझी एक रात्र मी घरी सांगतो, तेव्हा बायको हटकते : "अहो, मागच्या खेपेला दोन रात्री म्हणाला होतात." रात्री किती ते खरंच आठवत नाही. बर्फ वितळवलेल्या पाण्याला रॉकेलचा वास होता, तो अजून नाकात आहे.

घेताना आवृत्ती बघा. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापताना मजकुरात फेरफार केले. मूळ मोडी हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी १९६६ साली काढलेला पाठ वेगळा आहे. तोच घ्या, भाषा जरा अडली तरी. 'बिजन' म्हणजे कत्तल, हे मला शेजारच्या गुरुजींना विचारावं लागलं. माझ्या प्रतीत नकाशा नाही. काल्पी, ग्वाल्हेर नातवाच्या ॲटलासात शोधलं. शिवण तर झाशी पडायच्या आधीच सुटली.

पाचपैकी चार. एक कापला तो शिवणीचा.