सँडहर्स्ट रोड स्टेशन: जे.जे.ला जाणाऱ्यांसाठी

पनवेलकडून हार्बर लाइनच्या लोकलने मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलला पेशंट घेऊन जाणार असाल तर सरळ सँडहर्स्ट रोडला उतरा. भायखळा सांगणारे भेटतातच, पण भायखळ्यासाठी कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. सकाळच्या वेळी कुर्ल्याच्या पुलावरून गुडघे धरलेलं माणूस न्यायची माझी तरी छाती होत नाही.

आम्ही पेणहून एसटीने पनवेलला येतो. लोकल तिथूनच सुटते, त्यामुळे सासूबाईंना खिडकी मिळते. सव्वा तास धरून चाला. डॉकयार्ड रोड गेलं की उठायचं, पुढचं स्टेशन आपलं.

स्टेशन लहान, पण दुमजली. हार्बर वरच्या मजल्यावर, ठाणे-कल्याणची मेन लाइन खाली. इथून पुढे हार्बर मेन लाइनच्या डोक्यावरून पलीकडे जाते आणि मशीद स्टेशनला खाली उतरते. वरच्या मजल्याला आधार द्यायला जी.आय.पी. या इंग्रजांच्या वेळच्या रेल्वे कंपनीच्या काळातले लोखंडी खांब, त्यांच्यावर १९२१ साल. आमचे हे पेशंटला माझ्या हवाली करून खांबच वाचत उभे राहतात. गर्दी कुर्ला-दादरच्या मानाने काहीच नाही, धक्के न खाता उतरता येतं.

आता जिना. जाताना उतरायचा असतो, तोपर्यंत ठीक. ओपीडी, केसपेपर, रक्त तपासणी यांत दिवस गेल्यावर तोच जिना चढायचा म्हणजे धड माणसालाही धाप लागते. म्हणून परत येताना मी इथे येतच नाही. जे.जे.च्या दारातून टॅक्सी करून सीएसएमटी गाठते. हार्बरचे प्लॅटफॉर्म तिथे जमिनीलगत आहेत, जिन्याचा प्रश्न नाही, आणि गाडी तिथूनच सुटत असल्याने बसायलाही मिळतं. मात्र सकाळी पनवेलला रिटर्न तिकीट काढताना सीएसएमटीपर्यंतचं काढा, नाहीतर संध्याकाळी पुन्हा रांगेत.

स्टेशनवरून हॉस्पिटल चालण्याजोगं आहे, फक्त पेशंटला चालवू नका. जवळचं भाडं म्हणून काही टॅक्सीवाले मान फिरवतात. न चिडता पुढच्याला विचारायचं. मसाल्याच्या मिरच्या आणायच्या असतील तर मात्र इथे उतरून उपयोग नाही, मशीदला जा.

पाचपैकी साडेतीन. वरचा दीड जिन्याने खाल्ला.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या स्टेशनला डोंगरी नाव द्यायला मंजुरी दिली, तेव्हा कुणी डोंगरीला उतरा म्हणालं तर गोंधळू नका. ठाण्याकडून भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना एवढंच बजावा की स्लो गाडी धरा, फास्ट इथे थांबत नाही. आमच्या नणंदेचे यजमान फास्टमध्ये बसून थेट सीएसएमटीला गेले आणि तिथून फोनवर आम्हालाच विचारत होते, तुम्ही कुठे आहात?