भाकरीएवढी लांबी

बाबांची प्रीमियर पद्मिनी १९७८ची, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. गिअर अजून स्टिअरिंगपाशीच. सोसायटीच्या गेटच्या खांबावर तिचं मागचं डावं दार मीच चेपवलं, तेव्हा पहिली चूक माझी. दुसरीही माझीच, ती पुढे येईलच.

नाना पेठेत दार शोधलं. जे मिळालं ते आमच्यापेक्षा जास्त गंजलेलं. मग ओळखीतून एक गॅरेजवाला भेटला. ‘साहेब, हा जुना जाड पत्रा आहे. ठोकून अस्सा जागेवर आणतो. लांबी फक्त नावाला.’ (लांबी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे भरायची पुट्टी.) दार, मडगार्ड आणि त्या बाजूचा रंग मिळून ४२,००० रुपये, त्यातले २५,००० आगाऊ. बोलणं इतकं गोड की मी पावतीसुद्धा मागितली नाही.

महिनाभर व्हॉट्सअॅपवर फोटो येत होते. कधी प्राइमर मारलेली गाडी, कधी रंग दिलेली. उघड्या पत्र्याचा एकही नाही. मी विचारलाही नाही. (ही ती दुसरी.) दिवाळीत गाडी घरी आली. आईने हार घातला. दारात तोंड दिसत होतं.

जूनमध्ये दाराच्या खालच्या कडेला फोड आले. गणपतीपर्यंत आडवी चीर गेली, आणि एक दिवस दार जरा जोरात लावलं तर खाली खपली पडली. खपली कसली, भाकरीच! पट्टीने मोजली: १४ मिलिमीटर. एरवी तीनेक मिलिमीटरच्या वर लांबी भरू नये म्हणतात.

दुसऱ्या, म्हाताऱ्या डेंटरकडे (पत्र्याचे पोचे काढणाऱ्या मिस्त्रींकडे) गेलो. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि दारावर फिरवलं. वर चिकटलं, मधे आल्यावर सुटून पडलं. मग बोटाने टकटक. चांगल्या जागी ‘टण’, आमच्या जागी ‘थप’.

लांबी खरवडल्यावर खरा प्रकार कळला. पोचा ठोकलाच नव्हता. आतून डॉली (टेकू देणारा लोखंडी ठोकळा) लावून बाहेरून हातोडी चालवायची तर दाराचं आतलं पॅड, काचेचं हँडल सगळं उतरवावं लागतं. तो व्याप टाळायला पहिल्या गॅरेजवाल्याने बाहेरून अकरा भोकं पाडली, हूक घालून पत्रा जमेल तेवढा ओढला आणि वेल्डिंग न करताच वरून लांबी थापली. काचेच्या फटीतून दारात पाणी जातच असतं. ते खालच्या बारीक भोकांतून निथळतं. त्या भोकांतही लांबी बसलेली! म्हणजे पाणी आत साचलं, पत्र्याच्या भोकांतून लांबीला मागून लागलं आणि तिने ते पिऊन घेतलं.

जुन्या गॅरेजवाल्याला फोन केला. ‘पावसाने होतं हो साहेब, जुनी गाडी आहे.’ त्यानंतर त्याने फोन उचललाच नाही. मूळचे क्रोमचे दोन व्हीलकॅप बदललेत, हेही याच धावपळीत लक्षात आलं. ते गेले ते गेलेच.

आता दाराची खालची पट्टी कापून नवी बसवली आहे. म्हाताऱ्या मिस्त्रींनी स्वतःहूनच सांगितलं, ‘प्राइमरच्या आधी या, हात फिरवून बघा, मगच पुढचे पैसे द्या.’ शनिवारी जायचंय. चुंबक फ्रिजवरून काढून खिशात घातलंय.