चौदा कोअर की सहा? गेमिंगसाठी दोन प्रोसेसरांची तुलना

गेमिंगचा संगणक जुळवून घेणाऱ्या सोलापुरातल्या तरुणांपुढे हल्ली बहुधा दोन पर्याय ठेवले जातात. पहिला म्हणजे सर्व्हरमधून काढलेला इंटेलचा जुना झिऑन ई५-२६८० व्ही४, चिनी बनावटीच्या एक्स९९ मदरबोर्डसह. यात १४ कोअर (हिशेब करणारे स्वतंत्र भाग) आणि २८ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या ओळी) आहेत. दुसरा एएमडीचा रायझन ५ ५६००, ज्यात ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत. कोअर दुपटीहून अधिक आणि किंमतही आवाक्यात असल्यामुळे पहिल्याकडे मन ओढले जाणे स्वाभाविक आहे. दोन्हींवर एकच ग्राफिक्स कार्ड लावून खेळून पाहिल्यावर मात्र माझे मत स्पष्टपणे रायझनच्या बाजूने झाले, आणि त्याचे कारण कोअरच्या संख्येत नसून एकेका कोअरच्या ताकदीत आहे.

एकच कोअर असलेल्या प्रोसेसरांचा काळ संपून वीस वर्षे होत आली. २००४ पर्यंत पेंटियम ४ चा वेग ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत चढला, परंतु त्यापुढे उष्णता आवरेना, आणि त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला. २००५ मध्ये पेंटियम डी आणि अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ हे दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आले. त्या वेळचे बहुतेक गेम एकाच थ्रेडवर चालणारे असल्यामुळे अधिक क्लॉकचा, म्हणजे अधिक गिगाहर्ट्झचा, एककोअर प्रोसेसर कित्येकदा दोन कोअरवाल्याच्या तोडीस तोड चाले. आता तो प्रश्नच उरलेला नाही, कारण विंडोज ११ ची किमान अटच दोन कोअरची आहे. तरीही 'एका कोअरचा वेग' ही कसोटी जुन्या काळाबरोबर गेली, असे समजण्याचे कारण नाही.

पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील, तर सातहूनही कमी. एवढ्या अवधीत खेळाडूने कोणती कळ दाबली हे पाहणे, पात्रांच्या हालचाली ठरवणे, टकरींचे गणित करणे आणि शेवटी काय रेखाटायचे याच्या सूचना ग्राफिक्स कार्डाकडे पाठवणे, ही कामे बऱ्याच अंशी एकामागून एकच व्हावी लागतात. आधीचा आडवा धागा बसल्याखेरीज पुढचा टाकता येत नाही, म्हणून एका चादरीवर चौदा विणकर बसवले तरी ती चौदापट लवकर विणून होत नाही, हे सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हीच मर्यादा मांडली होती: निम्मे काम वाटून देता येण्याजोगे नसेल, तर कितीही कोअर लावले तरी वेग दुपटीपलीकडे जात नाही.

झिऑनचा कोअर टर्बोमध्ये, म्हणजे गरजेपुरत्या वाढवलेल्या वेगात, ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तर ५६०० चा ४.४ पर्यंत. त्यातही झिऑनची रचना २०१६ ची असल्यामुळे तेवढ्याच क्लॉकमध्ये त्याचा कोअर कामही कमी उरकतो. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर, स्फोट आणि चार-पाच खेळाडू एकाच वेळी समोर आले, की झिऑनवर चित्र अडखळते. ५६०० वर ते बरेच स्थिर राहते. गंमत अशी की, अशा अडखळत्या क्षणीही प्रोसेसरवरचा भार दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये झिऑन आरामात बसलेला दिसतो. २८ थ्रेडपैकी एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात त्याचा वाटा अवघा ३.६ टक्के असतो, त्यामुळे मुख्य थ्रेड घामाघूम झालेला असताना आकडा मात्र निवांत भासतो. 'प्रोसेसर तर रिकामाच आहे' हा निष्कर्ष अनेकजण येथूनच काढतात आणि दोष ग्राफिक्स कार्डाला देतात.

याचा अर्थ कोअर निरुपयोगी आहेत, असा नव्हे. टास्क मॅनेजरमधूनच एखादा गेम ५६०० च्या एकाच कोअरपुरता बांधून पाहावा. आजचा मोठा गेम तशा स्थितीत खेळण्याजोगा राहत नाही. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन हे दोन्ही कन्सोल आठ, पण मंद कोअर घेऊन आले आणि गेम लिहिणाऱ्यांना काम वाटून घेणे भाग पडले. पुढे गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या प्रणालींनी रेखाटनाच्या सूचनाही अनेक थ्रेडवरून तयार करण्याची सोय केली. सायबरपंक २०७७ ची किमान अपेक्षा आज कोअर आय७-६७०० किंवा रायझन ५ १६०० एवढी आहे. चार कोअरवर काम भागते, सहावर ते निश्चिंतपणे चालते, आणि त्यापुढच्या कोअरचा लाभ गेमपेक्षा व्हिडिओ एन्कोडिंग किंवा ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील रेंडरिंगलाच अधिक होतो. ज्याचा दिवस अशा कामात जातो, त्याने झिऑन जरूर घ्यावा. मात्र वापरलेल्या मालावर हमी सहसा मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडचा उन्हाळा हा वेगळा मुद्दा आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. झिऑनची टीडीपी (प्रोसेसरच्या उष्णतेचे माप) १२० वॅट आणि ५६०० ची ६५ वॅट आहे, हा फरक बंद खोलीत दुपारी खेळताना अंगालाही जाणवतो. ५६०० सोबत येणारा छोटा कूलर त्या दिवसांत बराच आवाज करतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

५६०० च्या उणिवा एवढ्यावरच संपत नाहीत. त्यात अंगचे ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड बिघडले तर पडदा काळाच राहतो. एएम४ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) आणि डीडीआर४ रॅम हीदेखील आता मागच्या पिढीची आहेत. शिवाय मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल किंवा कार्डच साधे असेल, तर या दोन प्रोसेसरांमधला बराचसा फरक दिसणारच नाही, आणि तेव्हा पैसे कार्डावर घालणे शहाणपणाचे.

खरेदीच्या वेळी बिलावर 'सिक्स कोअर रायझन' असे मोघम लिहून घेऊ नये. रायझन ५ ५५०० मध्येही ६ कोअर आणि १२ थ्रेडच आहेत, परंतु त्याची एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद स्मृती) १६ एमबी आहे, तर ५६०० ची ३२ एमबी. आणि गेममध्ये कॅशे किती मोलाची ठरते, हे एएमडीच्याच रायझन ७ ५८००एक्स३डी ने ९६ एमबी कॅशेच्या बळावर आपल्याहून अधिक क्लॉकच्या ५८००एक्सला मागे टाकून दाखवून दिले आहे. म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि खोका उघडण्याआधी तो ताडून पाहावा.