नायोशची रासायनिक धोक्यांची खिसापुस्तिका: माहिती भरवशाची, आकड्यांचे वय मात्र अदृश्य

कारखान्याच्या हवेत एखादे रसायन किती प्रमाणात असलेले चालेल, याचे उत्तर चटकन हवे असेल, तर अमेरिकेच्या ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेच्या खिसापुस्तिकेइतके सोयीचे साधन क्वचितच सापडेल. १९७८ साली प्रथम निघालेली ही पुस्तिका आता संकेतस्थळावर मोफत पाहता येते. तिच्यात ६७७ रसायने वा रसायनगटांची माहिती एकाच साच्यात दिली आहे. मांडणी कोरडी आहे, पण संदर्भासाठी तीच हवी.

नोंदी किती नेमक्या आहेत, हे हायड्रोजन सल्फाइडवरून कळते. वायूला सडक्या अंड्यांसारखा वास असतो, एवढे सांगून पुस्तिका थांबत नाही. वास घेण्याची शक्ती लवकर बधिर होते आणि म्हणून वायू अजूनही आहे की नाही हे ओळखण्यासाठी नाकावर विसंबता येत नाही, असा इशारा तिथेच जोडलेला आहे. घाईत पान उघडणाऱ्याला हीच ओळ सर्वांत आधी दिसायला हवी.

खरी अडचण मर्यादांच्या आकड्यांत आहे. एन-हेक्झेन या द्रावकाची नोंद उघडली की ५०, ५०० आणि १,१०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असे तीन आकडे दिसतात, आणि तिन्हींचा जन्म वेगळा आहे. ५० ही नायोशची शिफारस. ५०० ही कामगार सुरक्षेच्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘ओशा’ या अमेरिकी सरकारी संस्थेची कायदेशीर मर्यादा असून तिचे मूळ १९६८ सालच्या यादीत आहे, कारण १९७० चा कामगार सुरक्षा कायदा झाल्यावर ओशाने त्या काळी प्रचलित असलेल्या मर्यादा जवळजवळ जशाच्या तशा उचलल्या. १९८९ मध्ये शेकडो मर्यादा एकदम कडक करण्याचा प्रयत्न झाला आणि त्यात हेक्झेनही ५० वर आले होते, पण १९९२ साली न्यायालयाने तो नियमच रद्द केला. हेक्झेनमुळे हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते हे सर्वमान्य असूनही कायद्यातला आकडा दहापट सैल राहिला, त्यामागचे कारण हे आहे. छापील आवृत्तीच्या परिशिष्टात त्या रद्द मर्यादा दिल्या आहेत. मुख्य नोंदीत मात्र कोणता आकडा किती जुना, याचा मागमूस नाही.

तिसरा आकडा जीविताला तात्काळ धोका असलेल्या पातळीचा, म्हणजे ‘आयडीएलएच’चा. त्याबाबत दोन गैरसमज सहज होतात. हा आकडा ठरवताना अर्ध्या तासाचा संपर्क गृहीत धरलेला असतो, पण त्याचा अर्थ तितका वेळ आत थांबता येते असा नाही. रेस्पिरेटर (श्वसनाचे संरक्षण करणारा मुखवटा) निकामी झाला तर माणूस ताबडतोब बाहेर पडू शकावा, आणि अर्धा तास हा केवळ सुरक्षिततेसाठी ठेवलेला जादा वाव, अशी कल्पना आहे. दुसरे म्हणजे, हेक्झेनचे १,१०० पीपीएम विषबाधेवरून ठरलेले नाही. हवेत स्फोट होऊ शकेल अशा किमान प्रमाणाचा तो दहावा हिस्सा आहे. पुस्तिका चौकटी कंसात तशी खूण करते, पण ती खूण बारीक आहे आणि वाचणारा बहुधा घाईत असतो.

या पातळ्यांचे तज्ज्ञ पुनरावलोकन हा मात्र नायोशच्या कामातला सर्वांत स्वच्छ भाग वाटतो. १९९४ च्या फेरतपासणीत हायड्रोजन सल्फाइडची पातळी ३०० वरून १०० पीपीएम, अमोनियाची ५०० वरून ३०० आणि क्लोरीनची ३० वरून १० करण्यात आली, आणि प्रत्येक बदलामागचा आधार स्वतंत्र टिपणात दिला आहे. पुढे २०१३ साली पद्धतच लिखित स्वरूपात मांडली गेली: प्राण्यांवरील व माणसांवरील कोणती माहिती ग्राह्य धरायची, अनिश्चिततेसाठी आकड्याला कितीने भागायचे, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी केव्हा करून घ्यायची. टीकाकाराला आकडा पटला नाही तरी तो कुठून आला ते कळते. कायदेशीर मर्यादांच्या रकान्याला ही सोय नाही.

छापील प्रतीपेक्षा संकेतस्थळावरची आवृत्तीच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. छापील प्रतीत रेस्पिरेटरच्या शिफारशी संक्षिप्त संकेतांत असल्याने दरवेळी मागची पाने उलटावी लागतात. संकेतस्थळावर त्या पूर्ण शब्दांत आहेत आणि आयडीएलएचच्या टिपणापर्यंत तिथूनच जाता येते.