महाबळेश्वर की पाचगणी? राहायला, फिरायला आणि घर घ्यायला

घर बघायला मे महिन्यात जाऊ नका. मेमध्ये दोन्ही गावं सारखीच देखणी असतात आणि एजंट दाखवेल तो प्रत्येक प्लॉट आवडतो. जुलैच्या मध्यात दोन दिवस काढा. एक रात्र महाबळेश्वरात राहा, एक पाचगणीत. निम्मा निर्णय तिथेच होईल.

दोन्ही गावांत जेमतेम वीस किलोमीटरचं अंतर आणि उंचीतही फार फरक नाही. पण महाबळेश्वर सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहे. कोकणातून वर चढणारा ढग तिथेच रिकामा होतो, म्हणून तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या निम्माही नाही. पसरणी घाट उतरून वाईला आलं, की छत्री मिटवून ठेवावी लागते. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळपास 600 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट जागोजागी तुटला. तिथे बारा महिने राहायचं ठरवणाऱ्याने हे दृश्य डोळ्यांसमोर ठेवावं.

राहायचंच असेल तर माझा कौल पाचगणीला. महाबळेश्वरात चार महिने कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते, पुस्तकं फुगतात, लाकूड सुजून दारं लागेनाशी होतात. दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही. धुकं आठ दिवस छान वाटतं. पंचविसाव्या दिवशी वयस्कर माणसाचे गुडघे आणि दम दोन्ही तक्रार करू लागतात. पाचगणीची हवा त्यामानाने कोरडी. क्षयाच्या रुग्णांसाठी इथे आरोग्यधाम उभं राहिलं, निवासी शाळा आल्या, ते उगाच नाही. सेंट पीटर्स, बिलिमोरिया, संजीवन, न्यू एरा या शाळांमुळे गावाला वर्षभराचं जगणं आहे: शिक्षक आहेत, वाणी आहे, दवाखाने आहेत, सुट्टीत मुलांना न्यायला आलेले पालक आहेत. वाई बारा किलोमीटरवर, पुणे शंभरेक. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ आली तर हे अंतर फार मोलाचं ठरतं.

महाबळेश्वरचं पारडं एका बाबतीत जड आहे: सरकारी काम. ब्रिटिश काळात मुंबईचं सरकार उन्हाळ्यात इथे मुक्कामाला यायचं, राज्यपालांचं राजभवन आजही इथे आहे आणि तालुक्याचं मुख्यालयही हेच. पाचगणीला स्वतःची नगरपरिषद असली, तरी तहसीलदाराकडे काम निघालं की पाचगणीकराला वर जावंच लागतं. निवृत्त माणसाला वर्षातून दोन-तीन फेऱ्यांचा हा त्रास सोसण्यासारखा आहे.

फिरायला मात्र महाबळेश्वर, यात मला शंका नाही. ऑर्थर सीटवरून दिसणारी सावित्रीची दरी, क्षेत्र महाबळेश्वरातलं पंचगंगेचं देऊळ, कृष्णाबाईच्या जुन्या दगडी मंदिरातला तो गारवा, पलीकडे प्रतापगड. पाचगणीचं टेबललँड एका संध्याकाळचं. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या वारी जा. नशिबात असेल तर पहाटे वेण्णा तलावाच्या काठी गवतावर गोठलेलं दव दिसेल. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मेमधले शनिवार-रविवार टाळा, तलावापासून बाजारापर्यंत गाड्या नुसत्या उभ्या असतात. वाटेत भिलारला थांबा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे आणि मुलांना तिथे घराघरांत बसून वाचता येतं.

आता पैशांचं. इथे मी अधिक सावध आहे, कारण माणसं डोंगर बघून सही करतात आणि सातबारा नंतर बघतात. 17 जानेवारी 2001 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार हा सगळा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्ही त्यात येतात. त्यामुळे शेताचं किंवा बागेचं बिगरशेतीत रूपांतर, डोंगरउतार फोडणं, झाड तोडणं यांतलं काहीच ‘नंतर करून घेऊ’ म्हणण्यासारखं नाही. ‘एनए (म्हणजे बिगरशेती) होणारच आहे’ असं कुणी म्हणालं, तर झालेला आदेश दाखवा म्हणा. नसेल तर चहा पिऊन निघा. शेतजमीन घ्यायला मुळात तुम्ही शेतकरी खातेदार असायला हवं, हे कित्येक मुंबईकरांना इसार दिल्यावर कळतं.

महाबळेश्वरात आणखी एक गुंता आहे. जुन्या बंगल्यांचे बरेच प्लॉट सरकारी भाडेपट्ट्याचे आहेत. विकणारा बंगल्याचा मालक असतो, जमिनीचा नसतो. पट्टा कधी संपतो, नूतनीकरण झालं आहे का, हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे का, हे कागदावर बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पाचगणीतही मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र तिन्ही हातात घ्या आणि नकाशातले मजले प्रत्यक्ष मोजा. एखादा जास्तीचा मजला निघाला, तर पाडण्याची नोटीस तुमच्या नावाने येईल.

पाण्याचं विचारायला विसरू नका. इतका पाऊस पडूनही जांभा दगड पाणी धरत नाही आणि दोन्ही गावं वेण्णा तलावावर अवलंबून आहेत. एप्रिलमध्ये नळ किती वेळ येतो, हे विक्रेत्याला नाही, शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा.

भाड्याच्या उत्पन्नावर कर्जाचा हप्ता फेडायचा हिशेब करत असाल तर तो पुन्हा मांडा. हंगाम मोजक्या आठवड्यांचा, देखभाल बारा महिन्यांची. महाबळेश्वरात दर पावसाळ्याआधी भिंती झाकाव्या लागतात आणि नंतर रंग द्यावा लागतो. म्हणून आमच्या घरात चर्चा झाली तेव्हा मी हेच सांगितलं: आधी पाचगणीत जून ते सप्टेंबर भाड्याने राहून बघा. आईला ती हवा मानवली तर गावठाणातलं, कागद स्वच्छ असलेलं छोटं घर शोधू. महाबळेश्वरला एसटीने तासाभरात जाता येतं.